व्हीलॅन थेट ताणायचं की व्हीएक्सलॅन?

२०१९ च्या महापुरात पंचगंगा शहरात शिरली, तेव्हाच कोल्हापुरातल्या सर्व्हरना पुण्यात जोडीदार हवा हे पटलं. आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) न बदलता मशीन हलवायचं, तर दोन्ही शहरांत एकच नेटवर्क हवं; त्याच्या वाटा दोन.

व्हीलॅन म्हणजे स्विचवर पाडलेलं वेगळं आभासी नेटवर्क; त्याची ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारी लिंक) फायबरवरून थेट ताणणं सोपं. पण इकडे लूप झाला (जोडणी फिरून स्वतःलाच मिळाली) की ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना जाणाऱ्या संदेशांचा, लोंढा पुण्यातही घुसतो. एका रात्री हे भोगलंय: स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकत होते, कन्सोलवर अक्षर उमटेना.

माझं मत व्हीएक्सलॅनला, म्हणजे फ्रेम आयपी पाकिटात घालून पाठवण्याला, तेही ईव्हीपीएनसह (कोणतं यंत्र कुठे आहे हे स्विचना कळवणारी पद्धत). मॅक पत्ते (यंत्रांचे हार्डवेअर पत्ते) बीजीपी या राउटिंग प्रोटोकॉलमधून कळतात, त्यामुळे ब्रॉडकास्ट कमी होतो. ४०९४ व्हीलॅनची मर्यादाही सुटते. मात्र आयपीव्ही४ वर दर फ्रेममागे ५० बाइट जादा जातात. लिंकचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) आधी १६०० करून घ्या, नाहीतर छोटा पिंग पोचतो, पण मोठी फाइल अडकते.