सुशी बेकचं तयार सामान: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

सुशी बेक म्हणजे गुंडाळायची कटकट टाळून, सुशीचे थर डिशमध्ये लावून ओव्हनमध्ये भाजलेला भात. 2020च्या टाळेबंदीत फिलिपिन्समध्ये त्याची मोठी लाट आली. मूळ प्रकारात खेकडा किंवा सामन मासा घालतात. इथे चिकन धरलं आहे. या एका पदार्थापायी दुकानात पाच-सहा बाटल्या आणि पाकिटं गळ्यात मारली जातात. त्यातल्या सगळ्यांची गरज नाही.

क्यूपी मेयोनीज मात्र घ्याच. 1925 पासून जपानमध्ये विकलं जाणारं हे मेयोनीज अख्ख्या अंड्याऐवजी फक्त पिवळ्या बलकाचं असतं. त्यामुळे ते दाट, किंचित आंबट आणि चवीला भरीव लागतं, आणि वरचा थर छान तांबूस होतो. 500 ग्रॅम चिकनला 100 ग्रॅम मेयोनीज, 100 ग्रॅम क्रीम चीज, दीड मोठा चमचा सिराचा (मिरचीचा तिखट सॉस) आणि एक मोठा चमचा सोया सॉस पुरतो. क्रीम चीज वगळून सगळं मेयोनीजच घातलं, तर तापल्यावर ते फाटतं आणि कडेने तेल सुटतं. साधं मेयोनीज वापरायचं असेल तर 100 ग्रॅमला अर्धा छोटा चमचा राइस व्हिनेगर आणि चिमूटभर साखर घाला. काम भागतं, पण तो खमंगपणा येत नाही.

‘सुशी व्हिनेगर’ नावाची बाटली वगळली तरी चालेल. त्यात साखर-मीठ आधीच असतं. लेबल न वाचता कृतीप्रमाणे पुन्हा साखर-मीठ घातलं की भात गोडमिट्ट आणि खारट होतो. साधं राइस व्हिनेगर जास्त कामाचं: 400 ग्रॅम तांदळाला 60 मिली व्हिनेगर, 2 मोठे चमचे साखर, 1 छोटा चमचा मीठ. साखर विरघळेपर्यंत कोमट करा. उकळी आणलीत तर आंबटपणा उडून जातो.

या पदार्थाचा खरा निकाल तांदूळच लावतो. आखूड दाण्याचा जपानी तांदूळ किंवा मध्यम दाण्याचा कॅलरोज, दोन्ही चालतात. बासमती अजिबात नको: त्याचे दाणे एकमेकांना धरत नाहीत आणि चमच्याने उचलताना थर विस्कटतो. ‘स्टिकी राइस’ असं लिहिलेला चिकट तांदूळही नको, त्याचा लगदा होतो. बरेच जण नेमके इथेच फसतात. तांदूळ पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा, निथळा, मग कोरड्या तांदळाच्या सव्वापटीहून कमी, साधारण 1.1 पट पाणी मापून घाला. शिजल्यावर दहा मिनिटं झाकण काढू नका. भात गरम असतानाच व्हिनेगर शिंपडून उलथन्याने कापल्यासारखं हलवा. थंड भात व्हिनेगर शोषत नाही. ते तळाशी साचतं आणि खालचा थर गिच्च होतो.

चिकन मांडीचं बोनलेस घ्यावं, छातीचं ओव्हनमध्ये कोरडं पडतं. आतून 74 अंश सेल्सिअस होईपर्यंत शिजवा, बारीक तोडा आणि सुटलेलं पाणी निथळूनच सॉसमध्ये मिसळा.

फुरिकाके, म्हणजे तीळ, नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पातळ पानं) आणि मीठ यांचं भुरभुरतं मिश्रण, पाकिटातलंच घ्यायला हरकत नाही. बऱ्याच प्रकारांत सुक्या मासळीचा कीस असतो, म्हणून मासे न खाणाऱ्यांसाठी घटकांची यादी वाचा. 20 बाय 30 सेंटीमीटरच्या डिशमध्ये भात हलक्या हाताने दाबा. ठोकून बसवलात तर वडीसारखा घट्ट होतो. त्यावर निम्मं फुरिकाके, मग चिकन. 200 अंशांवर 15 मिनिटं भाजा आणि शेवटी ग्रिलवर 3 ते 4 मिनिटं, तेही समोर उभं राहून. उरलेलं फुरिकाके बाहेर काढल्यावरच भुरभुरा. भाजण्याआधीच वर घातलं तर नोरी करपून कडवट होते.

सोबत खायला भाजलेल्या, बिनमसाल्याच्या अख्ख्या नोरीचे चौकोन करा. तेल-मीठ लावलेल्या छोट्या स्नॅक पट्ट्या पातळ असतात, गरम भाताखाली लगेच फाटतात आणि एकूण मीठही जास्त होतं. पाकीट फोडल्यावर नोरी हवाबंद डब्यात, आतल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट ठेवा. नरम पडलेली पानं कोरड्या तव्यावर काही सेकंद धरली की पुन्हा कुरकुरीत होतात.

उरलेला बेक दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू बाहेर झपाट्याने वाढतात. फ्रिजमध्ये दाणे टणक होतात, तेव्हा खाताना चमचाभर पाणी शिंपडा, फॉइलने झाका आणि वाफ येईपर्यंत गरम करा.