टीव्ही-रेकॉर्डरमधली घूंऽऽ: आयसोलेटर घ्यावा, ऑप्टिकल लावावं की नुसता बोर्ड बदलावा?

व्हीसीआर, डीव्हीडी रेकॉर्डर आणि टीव्ही एकमेकांना जोडले की मागे घूंऽऽ असा आवाज सुरू होतो आणि बरेच जण आधी महागडी केबलच घेऊन येतात, तिने बहुतेक वेळा काडीचाही फरक पडत नाही. जुन्या लग्नाच्या कॅसेट डिजिटल करायला बसलेल्यांनी तर ही घरघर आधी मिटवायलाच हवी. टीव्हीवर ती एकवेळ चालून जाईल, पण तीच फाइलमध्ये गेली की मंगलाष्टकांच्या खाली कायमची बसते, नंतर सॉफ्टवेअरने काढायला गेलं तर माणसांचे आवाजही पोकळ होतात.

पैसे खर्च करायच्या आधी एक टेस्ट करा. कॅसेट थांबवा, आवाज मोठा करा. तरीही घूं येतेय म्हणजे भानगड वायरिंगमध्ये आहे. आता केबल टीव्हीची वायर पूर्णपणे काढून बाजूला ठेवा, टीव्हीची पण, सेटटॉप बॉक्सची पण, रेकॉर्डरची पण. एकदम शांत झालं तर चोर सापडला. केबलवाल्याच्या वायरची बाहेरची जाळी कुठेतरी दुसरीकडे अर्थ झालेली असते आणि तुमच्या सामानाचं अर्थिंग घरच्या बोर्डातून येतं, या दोन अर्थमध्ये थोडा फरक असतोच, आणि त्या फरकामुळे एक बारीक करंट लाल-पांढऱ्या एव्ही केबलच्या जाळीतून फिरत राहतो. तीच जाळी आवाजाच्या सिग्नलची परतीची वायर पण आहे, त्यामुळे आपल्या लाइटची ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० वेळा होणारी) घूं थेट स्पीकरमध्ये. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

आता उपाय. पहिला फुकटचा: सगळं सामान एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. टीव्ही एका भिंतीवर आणि रेकॉर्डर दुसऱ्या भिंतीवर असेल तर यानेच बऱ्यापैकी फरक पडतो. पण केबलची वायर गुन्हेगार असेल तर बोर्ड बदलून काही होणार नाही, तिचा अर्थ घराबाहेर आहे.

तिथे मी डोळे झाकून केबलच्या वायरवर लावायचा आयसोलेटर घ्या म्हणेन. छोटी डबी असते, टीव्हीचा सिग्नल जाऊ देते आणि जाळीतला ५० हर्ट्झचा करंट अडवते. आवाजाच्या वायरला हातच लागत नाही, त्यामुळे क्वालिटी जात नाही. फक्त डिश असेल तर छत्री आणि बॉक्सच्या मध्ये ही डबी लावू नका, बॉक्स त्याच वायरमधून छत्रीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो, तो अडला की चित्रच बंद.

डिशवाल्यांसाठी, किंवा केबल काढूनही घूं राहते त्यांच्यासाठी, ऑडिओ आयसोलेटर. लाल-पांढऱ्या पिनांच्या मध्ये बसतो, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल चुंबकातून पलीकडे जातो आणि वायरी एकमेकींना कुठेच चिकटत नाहीत. काम शंभर टक्के करतो, पण स्वस्तातल्या डबीत ट्रान्सफॉर्मरचा कोअर (आतला गाभा) लहान असतो, तबला-ढोलकीचा खालचा आवाज मोठा आला की चेपतो. लग्नातलं बोलणं, मंगलाष्टकं यांना चालेल. गाण्याच्या मैफलीची कॅसेट असेल तर जरा चांगला घ्या.

ऑप्टिकल केबलबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. त्यात प्रकाश जातो, वीज नाही, म्हणून लूप तुटतो हे खरंच आहे. पण टीव्हीच्या मागचं ऑप्टिकल भोक बहुतेक वेळा आउटपुटचं असतं, साउंडबारकडे जायला, रेकॉर्डरचा आवाज त्यातून टीव्हीत शिरणार नाही. आणि जुन्या व्हीसीआरला ते भोकच नसतं. रेकॉर्डरला एचडीएमआय असेल तर टीव्हीला तीच लावा. तिच्यात पण ग्राउंडची वायर असते, पण आवाज आकड्यांमध्ये जातो म्हणून घूं मिसळत नाही. जुन्या एव्ही वायरी तेवढ्या काढून टाका. मात्र व्हीसीआर ते रेकॉर्डर हा तुकडा ॲनालॉगच राहतो, आणि रेकॉर्डिंग तर तिथेच होतं, त्यामुळे कॅसेटवाल्यांना शेवटी आयसोलेटरकडेच यावं लागतं.

एक उपाय मात्र अजिबात करायचा नाही: प्लगची मोठी, म्हणजे अर्थिंगची पिन तोडणं. घूं जाते म्हणून कुणीतरी सुचवतंच. उद्या आत शॉर्ट झालं तर पत्र्याला थेट २३० व्होल्ट आणि हात लावणारा घरातलाच कुणीतरी. आणि वायरी लावताना-काढताना सगळ्यांचे स्विच बंद करा, टूपिनच्या सामानात पण थोडा लिकेज असतो आणि पिन बसताना ठिणगी पडून इनपुट उडू शकतं.

आता घूं फक्त कॅसेट चालतानाच येत असेल तर वरचं काहीच घेऊ नका! हाय-फाय व्हीसीआरमध्ये आवाज फिरत्या ड्रमवरची हेडं वाचतात, आपल्याकडच्या पाल या टीव्ही सिस्टिममध्ये ड्रम सेकंदाला २५ चकरा मारतो, दोन हेडं आळीपाळीने लागतात म्हणजे सेकंदाला ५० वेळा बदल, आणि ट्रॅकिंग (हेडं टेपवरच्या पट्ट्यांवर नीट बसवणारी सेटिंग) जरा सरकलं की त्याचीच भुणभुण ऐकू येते, अगदी लाइटच्या घूंसारखी. ट्रॅकिंग हळूहळू फिरवून बघा, नाहीच गेली तर ऑडिओ सेटिंग हाय-फायवरून नॉर्मलवर टाका. तो टेपच्या कडेचा साधा मोनो ट्रॅक असतो, थोडा दबका वाटेल पण भुणभुण नाही. हे मशीन जपूनच वापरा, शेवटपर्यंत ते बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, नवं आता मिळत नाही.

चित्रात पांढरी अक्षरं आली की खर्रर्र वाढतं, असं होत असेल तर व्हीसीआर अँटेनाच्या भोकातून जोडलाय. त्या वायरीत चित्र आणि आवाज एकत्र जातात आणि जास्त पांढरं चित्र आवाजात घुसतं. पिवळी-लाल-पांढरी एव्ही केबल लावा, विषय संपला.

अख्खी कॅसेट लावण्याआधी दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि टीव्हीवर नाही, हेडफोनवर ऐका. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, तो साधा स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लाटेची वीज देणारा) असेल तर त्याची किरकिर यातल्या कुठल्याच डबीने नीट जात नाही.