नवी पेठेतून आणलेला इंग्लिश शब्दांचा बोर्ड गेम : घ्या, पण डबा उघडून घ्या

आधीच सांगतो, हा ओरिजिनल स्क्रॅबल (अक्षरांच्या टाईल्स बोर्डवर जोडून शब्द करायचे, प्रत्येक अक्षराला ठरलेले पॉईंट) नाही. त्याच धर्तीवरचा कुठल्यातरी देशी कंपनीचा गेम आहे, सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका खेळण्यांच्या दुकानातून 350 ला घेतला. दुकानाचं आणि कंपनीचं नाव टाकत नाही, पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणी घरी भांडायला यायला नको. ओरिजिनल पण होता तिथं, पण किंमत ऐकून बायकोनं माझ्याकडं बघितलं, विषय संपला.

डबा उघडल्यावर पहिलं काम म्हणजे टाईल्स मोजायच्या. हे कुणी करत नाही. एकूण 100 पाहिजेत, 98 अक्षरांच्या आणि 2 कोऱ्या. त्यात ई 12, ए आणि आय 9-9, ओ 8 आणि एस फक्त 4. हे आकडे उगं ठेवलेले नाहीत बरं का, ओरिजिनल गेम काढणारा आल्फ्रेड बट्स म्हणून एक अमेरिकन आर्किटेक्ट होता, 1930 च्या मंदीत हाताला काम नव्हतं तेव्हा त्यानं पेपरात कुठलं अक्षर किती वेळा येतंय ते मोजून हे प्रमाण बसवलं, आणि एस मुद्दाम कमी ठेवले, नाहीतर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला एस चिकटवून अनेकवचन करून पॉईंट घेत बसला असता. (स्क्रॅबल हे नाव 1948 चं, ते दुसऱ्यानं दिलं.) आमच्या डब्यात एस निघाले 6 आणि ई 10. बेरीज बरोबर 100! म्हणजे मोजलंय कंपनीनं, फक्त काय मोजायचं ते कळलं नाही. दोन एसवर पांढरा स्टिकर लावून ई लिहिलं, दोन्ही अक्षरांना 1 च पॉईंट असतो त्यामुळं हिशोब बिघडला नाही.

टाईल्सचं प्लास्टिक बरंय, हातात जरा वजन लागतं. प्रिंट मात्र बेकार. एम आणि डब्ल्यू उलटे केले की सारखेच दिसतात, ते ओळखायचे खालच्या बारक्या आकड्यावरून, 3 असेल तर एम, 4 असेल तर डब्ल्यू, आणि नेमका तो आकडाच पुसायला लागलाय. एन आडवा पडला की झेड. एकाला 1 पॉईंट, दुसऱ्याला 10, आता भांडणं होणार नाहीत तर काय. कापडी थैली शिवणीत उसवली, ती फेकून कडक भाकरीच्या पाकिटावरची पिशवी घेतली. बोर्डवर डबल लेटर (त्या अक्षराचे पॉईंट दुप्पट) आणि डबल वर्डच्या (अख्ख्या शब्दाचे दुप्पट) घरांचे रंग इतके जवळजवळचे आहेत की लाईट गेल्यावर खेळूच नका.

आता डब्यावर जे मोठ्या अक्षरात छापलंय, "मुलांचं इंग्लिश बोलणं सुधारतं", ते साफ खोटं आहे. बोलणं वगैरे काही सुधारत नाही. आमच्याकडं पुरावाच आहे. शेजारच्या अक्कांचा पोरगा, घरी तेलुगू, शाळेत मराठी, इंग्लिशमध्ये दोन वाक्यं बोल म्हटलं तर जिना उतरून पळेल, तो आमच्या इंग्लिश मीडियमवालीला रोज हरवतो. पहिल्यांदा मला वाटलं नशीब. नंतर नीट बघितलं तर हा आपल्या वाटच्या सातही टाईल्स रॅकवर, म्हणजे समोरच्या पट्टीवर, ए टू झेड क्रमानं लावून ठेवतोय, शब्दासारखं लावतच नाही. विचारलं तर म्हणाला, "काका, शब्द शोधू नका ओ, अक्षरं नुसती हलवत बसा."

त्यात खरंच दम आहे, अक्षरं क्रमानं लावली की त्याच अक्षरांचे सगळे शब्द एका गठ्ठ्यात येतात. लिसन आणि सायलेंट दोन्ही शब्दांची अक्षरं क्रमानं लावली की एकच येतं, ई-आय-एल-एन-एस-टी. एनलिस्ट पण त्यातच. ओ-पी-एस-टी ही चार अक्षरं आली की स्टॉप, स्पॉट, पोस्ट, पॉट्स, टॉप्स, ऑप्ट्स असे सहा शब्द एका झटक्यात दिसायला पाहिजेत, मग बोर्डवर जो बसेल तो बसवायचा. आणि ए-ई-आय-एन-आर-एस-टी ही सात जर रॅकवर आली तर समजा लॉटरी लागली, कारण त्याचं रिटेन्स होतं, रेटिनाज होतं, नॅस्टिअर होतं, अजून पण बरेच होतात, आणि सातही अक्षरं एकदम लावली की वरून 50 पॉईंट बोनस. म्हणजे शब्द एकेक पाठ करायचे नाहीत, गठ्ठा लक्षात ठेवायचा.

आणि हे आमच्या कॉलनीतलंच तत्त्वज्ञान नाही. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स 2015 ला फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकला, फ्रेंच बोलता येत नसताना. डिक्शनरीतले शब्द पाठ केले, बस. 2024 ला स्पॅनिशमध्ये पण तेच केलं. मग सोलापूरच्या मराठी मीडियमवाल्यानं इंग्लिशला कशाला घाबरायचं, आपल्याला निदान निम्म्या शब्दांचा अर्थ तरी येतो.

ह्या नादात एक भारी गोष्ट सापडली. गावांची नावं गेममध्ये चालत नाहीत, विशेषनाम म्हणून बाद, पण त्यांची अक्षरं हलवून बघा. सांगलीच्या इंग्लिश स्पेलिंगमधून बरोबर सिग्नल होतं. लातूरचं अल्ट्रा. अकोल्याचं कोआला, ते ऑस्ट्रेलियातलं झोपाळू जनावर. आपल्या सोलापूरची सात अक्षरं, एस-ओ-एल-ए-पी-यू-आर, ह्याचं पार्लस होतं, पी-ए-आर-एल-ओ-यू-एस, अर्थ बिकट, धोक्याची अवस्था (रस्त्यांवरून जोक करायचा मोह आवरतो). गंमत सोडा, पॉईंट बघा. पहिलीच चाल असेल आणि पी बरोबर डबल लेटरच्या घरात बसवला तर पी चे 3 चे 6, बाकीची सहा अक्षरं एकेक, झाले 12, मधल्या स्टारमुळं डबल म्हणजे 24, वर 50 बोनस, 74! पोरांना हे सांगितल्यापासून सगळे सुरुवातीला थैलीत हात घालून सोलापूरच शोधतात. पुण्याच्या चारही अक्षरांचा मिळून काहीच शब्द होत नाही, हे पुण्याच्या मेहुण्याला मी फोन करून कळवलं.

नियमांचं पुस्तक आहे त्याचा काही उपयोग नाही, इंग्लिशच असं लिहिलंय की वाचवत नाही. शब्द बरोबर का चूक त्यासाठी एकच डिक्शनरी आधी ठरवून टाका, मग ती मोबाईलमधली असू दे नाहीतर कपाटातली, नाहीतर क्यू आणि आय लावून "क्यी" म्हणत (तो खरंच चालतो, ची म्हणतात, चिनी शब्द आहे) पोरं डोकं उठवतात.

पाचपैकी तीन स्टार. गेमला पाच दिले असते, डब्याला दोन पण जड जातात. दुकानदार म्हणतो सील फोडलं की परत घेणार नाही, तरी काउंटरवरच फोडायला लावा. घरात नववी-दहावीची पोरं असतील आणि रोज खेळणार असाल तर थोडे जास्त जाऊ देत, ओरिजिनलच घ्या. त्याहून लहान असतील तर हाच बरा, तसंही महिन्याभरात निम्म्या टाईल्स सोफ्याखाली जाणारेत.