विंडोजवरचं आयट्यून्स: संग्रह लावायला उत्तम, पण लायब्ररीची प्रत बाजूला ठेवाच

कॅसेटवरून उतरवलेल्या मैफली आणि सीडीवरून घेतलेली गाणी असा मोठा संग्रह विंडोजवर नीट लावायचा असेल, तर आजही अ‍ॅपलचा आयट्यून्स हा गाण्यांचा प्रोग्रॅम घ्या असंच आम्ही सांगू. त्याचं मोठं कारण म्हणजे स्मार्ट प्लेलिस्ट, म्हणजे आपण घातलेल्या अटींनुसार बनणारी यादी. गाण्याच्या माहितीतल्या जॉनर या रकान्यात रागाचं नाव आणि ग्रुपिंगमध्ये प्रहर भरला की सकाळच्या रागांची यादी आपोआप तयार होते, नव्या फायलीही तीत येत राहतात. १९२१ मध्ये नाशकात जन्मलेल्या गायक डी. व्ही. पलुसकरांचं नाव एकाच संग्रहात तीन-चार स्पेलिंगांनी पडलेलं असतं. ती सगळी गाणी एकदम निवडून नाव एकाच वेळी दुरुस्त करता येतं.

दुखणं आहे ते लायब्ररी, म्हणजे संग्रहाची सगळी नोंद, न उघडण्याचं, आणि ते पुन्हा पुन्हा होतं. घाबरून प्रोग्रॅम काढून परत टाकला तरी लायब्ररी उघडत नसल्याचा तोच संदेश येतो, कारण बिघाड बहुतेक वेळा प्रोग्रॅममध्ये नसतोच. प्लेलिस्ट, तारे (गाण्याला दिलेली पसंती) आणि किती वेळा ऐकलं याची नोंद म्युझिकमधल्या आयट्यून्स फोल्डरात ‘आयट्यून्स लायब्ररी डॉट आयटीएल’ या एकाच फायलीत असते. सावानाच्या, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या, सूचीची वही फाटली तरी कपाटातली पुस्तकं जागेवरच राहतात, तशी गाणी सुरक्षित असतात.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा. शिफ्ट दाबून ठेवून आयट्यून्स उघडा आणि ‘क्रिएट लायब्ररी’ निवडून दुसऱ्या फोल्डरात रिकामी लायब्ररी करा. ती उघडली तर प्रोग्रॅम ठीक, जुनी आयटीएल फाईल खराब. तीही उघडली नाही, तर कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही दाबून सेफ मोडमध्ये उघडून पाहा. तेव्हा चाललं तर बाहेरचा एखादा प्लग-इन (जोड-प्रोग्रॅम) आड येतोय.

फाईल खराब असेल तर प्रोग्रॅम पूर्ण बंद करा आणि खराब फाईल पुसू नका, नाव बदलून ठेवा. तिथल्याच ‘प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज’ फोल्डरात तारीखवार जुन्या प्रती असतात. सर्वांत अलीकडची प्रत वरच्या फोल्डरात कॉपी करून तिच्या नावातली तारीख काढा. इथे बरेच जण अडकतात: विंडोज एक्स्टेंशन (फायलीच्या नावातला शेवटचा ‘डॉट आयटीएल’सारखा भाग) लपवतं, त्यामुळे नाव ‘डॉट आयटीएल डॉट आयटीएल’ होतं. आधी व्ह्यूमधून एक्स्टेंशन दिसू द्या. त्या तारखेनंतरची गाणी ‘अ‍ॅड फोल्डर टू लायब्ररी’ने परत घ्या. मात्र या प्रती मुख्यतः अपडेटच्या वेळी बनतात, त्यामुळे शेवटची प्रत वर्षभर जुनीही निघू शकते. या प्रोग्रॅमची सर्वांत मोठी उणीव हीच.

पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर कारण शोधायलाच हवं. आयटीएल लिहिली जात असताना वीज गेली की ती अर्धवट राहते. पावसाळ्यात लाईट ये-जा करते तिथे डेस्कटॉपला यूपीएस हवाच. म्युझिक फोल्डर वनड्राईव्हला (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाईन साठवणीला) जोडला असेल तर चालू फाईलच सिंक होत राहते, म्हणून तो त्यातून काढा. लायब्ररी बाहेरच्या डिस्कवर असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला कायमचं ड्राईव्हचं अक्षर द्या. एकच डिस्क दोन कॉम्प्युटरवर वापरताना दोन्हीकडे आयट्यून्सची एकच आवृत्ती ठेवा. नाहीतर ‘फाईल नव्या आवृत्तीने बनवली आहे’ म्हणून जुना आयट्यून्स अडून बसतो.

वेव (डब्ल्यूएव्ही) प्रकारच्या फायली असतील तर धोका दुप्पट. आयट्यून्स त्यांच्यात टॅग (नाव, राग, गायक अशी माहिती) लिहीत नाही, म्हणजे भरलेली सगळी माहिती फक्त आयटीएलमध्ये. त्या अ‍ॅपल लॉसलेस या प्रकारात बदलून घ्या. आवाजात काही कमी होत नाही, जागाही वाचते आणि टॅग फायलीतच राहतात.

ज्यांना आयट्यून्स नकोच असेल, त्यांना मोफत मिळणारा म्युझिकबी हा गाण्यांचा प्रोग्रॅम पुरेल.

कॉम्प्युटर नाशिकच्या एम. जी. रोडला किंवा कुठेही दुरुस्तीला देण्याआधी आयटीएल फाईल आणि प्रीव्हियस लायब्ररीज फोल्डर पेनड्राईव्हवर उतरवा. फॉरमॅट करताना दुकानदार गाण्यांचा बॅकअप घेईलही, पण ही फाईल मागितल्याशिवाय त्याच्या ध्यानात येत नाही.