मायनस दहाची बॅग, आत नुसत्या चिंध्या

गेल्या डिसेंबरात भाच्याला घेऊन उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला गेले होते. पोरगं एकोणीस वर्षांचं, हरिश्चंद्रगड, कळसूबाई केलेलं, पण बर्फ पहिल्यांदाच बघणार होतं. माझ्याकडे माझी जुनी स्लीपिंग बॅग होती, त्याच्यासाठी नवी घ्यायची होती. दुकानात मायनसची, म्हणजे शून्याखालच्या थंडीत चालणारी, डाऊन बॅग (आत बदकाची मऊ पिसं भरलेली) विचारली तर दहा हजारांच्या पुढेच आकडे. मग इन्स्टाग्रामवर एक पेज दिसलं: 'ओरिजिनल डक डाऊन, मायनस 10, एक्स्पोर्ट सरप्लस', 2,400 रुपये. कॅश ऑन डिलिव्हरी नाही, पैसे आधी यूपीआयने. मी भरले. बिल मागितलं तर 'पार्सलमध्ये आहे' म्हणाला. पार्सलमध्ये बिल नव्हतं. तिथेच मी थांबायला हवं होतं.

पायथ्याच्या सांक्री गावाहून चढून पहिला मुक्काम जुडा का तालावला होता. तळं गोठलेलं. रात्री दोनच्या सुमाराला शेजारून आवाज आला, "मावशी, पायाची बोटं जाणवत नाहीयेत गं." हात लावला तर पाय बर्फासारखे, आणि दातांवर दात वाजत होते. त्याला माझ्या बॅगेत घातलं. गाइडने पाणी गरम करून आणलं, ते बाटलीत भरून मोज्यात गुंडाळून पायाशी दिलं. मी सगळे कपडे अंगावर चढवून त्याची बॅग पांघरून बसले, आणि ते पोरगं चार तास काय सोसत होतं ते मला तेव्हा कळलं. सकाळी बोटं ठीक होती. शिखर सोडून आम्ही खाली उतरलो.

घरी आल्यावर वाण्याकडच्या काट्यावर बॅग ठेवली. पेजवर 1,700 ग्रॅम लिहिलं होतं, भरली 940. मग पायाकडची शिवण कात्रीने उसवली. पिसं नव्हतीच. फायबरचे गोळे, त्यात रंगीत कापडाच्या चिंध्या आणि फोमचा चुरा. शिवणीत अडकवलेल्या 'मायनस 10'च्या लेबलच्या मागे कापलेल्या दुसऱ्या लेबलचे धागे लोंबत होते. म्हणजे कुठलीतरी साधी बॅग घेऊन तिला नवा आकडा शिवला होता.

म्हणून बॅग घेताना आकडा कसला आहे ते आधी विचारा. आयएसओ 23537 हे स्लीपिंग बॅगचं मानक आहे. त्यात कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम अशी वेगवेगळी तापमानं असतात. आपल्या कामाचं कम्फर्ट, म्हणजे ज्या तापमानाला आरामात झोप लागते ते. एक्स्ट्रीमच्या आकड्याला झोप लागत नाही, जेमतेम जीव तगतो आणि हिमदंश तरीही होऊ शकतो. बरेच विक्रेते मोठ्या अक्षरात तोच छापतात. जो तीन आकडे सांगू शकत नाही, नुसतं 'मायनस' म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

बॅग हातात आली की दिव्यासमोर धरा. शिवणीच्या रेषांतून उजेड आरपार दिसला तर तिथून थंडीही येणार. चेनच्या आतून भरीव पट्टी आहे का, डोक्याला हूड आहे का आणि तो दोरीने आवळतो का, तेही बघा. मुठीत दाबून सोडल्यावर बॅग फुगली नाही तर आतला माल बोगस. आणि मॅटवर पैसे वाचवू नका: अंगाखाली बॅग दबून चपटी होते, जमिनीची थंडी मॅटच अडवते.

खरं तर आम्हाला बॅग विकत घ्यायची गरजच नव्हती. सांक्रीत भाड्याने मिळते. सह्याद्रीतल्या हिवाळ्यासाठी म्हणाल तर कम्फर्ट पाच-दहा अंशांची फायबरची बॅग आणि बरी मॅट पुष्कळ झाली. फायबर दमट हवेत डाऊनपेक्षा कमी बिघडतं, आणि किंमतही आवाक्यातली.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केली. विक्रेत्याने दिलेला पत्ता खोटा निघाला. पैसे गेल्यागेल्या सायबर हेल्पलाइन 1930 वर फोन केला तर रक्कम रोखली जाण्याची शक्यता असते. मी महिन्याभराने केला. स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पार्सलवरचं लेबल, सगळं जपून ठेवा, दोन्हीकडे तेच मागतात.

त्या पेजने मला ब्लॉक केलं. मागच्या आठवड्यात भाच्याने दुसऱ्याच नावाचं एक पेज दाखवलं. फोटो तोच, निळी बॅग, मागे तोच देवदार. आता लिहिलंय मायनस 15.