रंगवलेला साडेचार फुटी लेथ: आम्ही नेमके कुठे फसलो

घरच्या वर्कशॉपसाठी जुना साडेचार फुटी लेथ घेतला आणि पहिल्याच आठवड्यात दिसलं, की २०० मिलिमीटर लांबीचा शाफ्ट त्यावर सरळ उतरतच नाही. चकजवळचा (चक म्हणजे काम धरून फिरवणारा जबडा) व्यास दुसऱ्या टोकापेक्षा ०.१४ मिलिमीटर जास्त. विकणाऱ्याने ८५,००० रुपये घेतले होते आणि तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या होत्या: मशीन रिकंडिशन (दुरुस्त करून नव्यासारखं) केलंय, बेड (मशीनचा लांब लोखंडी पाया) हार्डन म्हणजे कडक केलेला आहे, मोटर दोन एचपीची आहे. तिन्ही खोट्या निघाल्या. तिन्ही त्याच्या गोडाऊनमध्ये उभ्या उभ्या पकडता आल्या असत्या, म्हणून हे तपशिलात लिहितोय.

सुरुवात दाखवलेल्या कापापासून. विकणाऱ्याने २५ मिलिमीटरची पितळी सळी चकमध्ये धरली, जेमतेम ४० मिलिमीटर बाहेर ठेवली आणि एक काप घेतला. आरशासारखं फिनिश आलं. मायक्रोमीटर लावला तर दोन्ही टोकांचं माप सारखं. हा काप खराच होता, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. पितळ ढिल्या मशीनवरही गुळगुळीत कापलं जातं. आणि ४० मिलिमीटरच्या प्रवासात सॅडल (टूल वाहून बेडवर सरकणारा भाग) त्याच झिजलेल्या पट्ट्यात पुढे-मागे होतं, त्यामुळे फरक दिसायला जागाच राहत नाही.

लेथचा बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. बहुतेक काम चकपासून वीत-दीड वीत अंतरात होतं, म्हणून तिथेच खड्डा पडतो. त्यातही कारागिराच्या बाजूची वे (सॅडल ज्यावर सरकतं ती बेडची पट्टी) जास्त झिजते, कारण कापाचा दाब आणि गरम चुरा दोन्ही तिथेच येतात. ती वे बसली की सॅडल पुढे कलतं आणि टूल जॉबपासून (कापायच्या तुकड्यापासून) दूर सरकतं. हिशोब सोपा आहे. सेंटरची (जॉब ज्या अक्षावर फिरतो त्याची) बेडपासूनची उंची १६५ मिलिमीटर, दोन वेंमधलं अंतर २४० मिलिमीटर आणि पुढची वे ०.१ मिलिमीटर बसलेली असेल, तर टूल ०.१ × १६५ ÷ २४० म्हणजे जवळपास ०.०७ मिलिमीटर बाहेर जातं. व्यासात त्याची दुप्पट, ०.१४. आमच्या शाफ्टवर हाच आकडा आला.

विकणाऱ्याला फोन केल्यावर उत्तर मिळालं, "लेव्हल करा, आपोआप ठीक होईल." हे अर्धसत्य आहे, म्हणून जास्त घातक. बेडला पीळ असेल तर टेपर (एका टोकाकडे व्यास वाढत जाणं) येतोच, आणि तो पायाखाली शिम (पातळ पत्रा) घालून जातोही. पण पीळ आणि झीज ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. ३० मिलिमीटरची माइल्ड स्टीलची सळी चक आणि टेलस्टॉक (दुसरं टोक टेकवणारा, चकसमोरचा भाग) सेंटर यांच्यात धरा. चकजवळ, १०० मिलिमीटरवर आणि २०० मिलिमीटरवर अशा तीन कॉलर (जाड कडी) सोडून मधला भाग खाली उतरवा. मग टूलला हात न लावता तिन्ही कॉलरवरून एकच हलका काप घ्या आणि मोजा. फरक एका चालीने वाढत गेला, तर पीळ असेल किंवा टेलस्टॉक सरकलेला असेल. दोन्ही दुरुस्त होतात. पहिल्या दोन कॉलरमध्ये मोठी उडी आणि पुढच्या दोघींत जवळजवळ काहीच नाही, तर तो खड्डा आहे. मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी लेव्हल उसनी आणून तीन दिवस पायांशी झटापट केली, तरी पहिल्या कॉलरचा आकडा हलला नाही.

घेण्यापूर्वी हे बघायला लेथ चालू करायचीही गरज नसते. सॅडल चकजवळ आणा, मागच्या-पुढच्या गिब पट्ट्या (सॅडलचा ढिलेपणा काढणाऱ्या) हाताने सरकेल इतपतच घट्ट करा, आणि सॅडल टेलस्टॉककडे न्या. मध्येच अडकलं, तर न झिजलेला भाग तिथून सुरू होतो. विकणारे आधीच ही पट्टी आवळून ठेवतात, म्हणजे सॅडल हलवून पाहिलं तर झोल (ढिलेपणा) जाणवत नाही. पट्टी स्वतः सैल करून पुन्हा लावा, दुसऱ्याने लावलेली मानू नका. दुसरी तपासणी डायल गेजची (सुईने बारीक फरक दाखवणारं माप). मॅग्नेटिक स्टँड सॅडलवर ठेवा, सुई टेलस्टॉकच्या सपाट वेवर टेकवा आणि सॅडल पूर्ण लांबी चालवा. टेलस्टॉकच्या वेवर सॅडल घासत नाही, म्हणून ती बरीचशी मूळ मापात राहते. ३०० मिलिमीटरमध्ये ०.०२-०.०३ चा फरक घरच्या कामाला चालतो. ०.१ दिसला तर मशीन तिथेच सोडा. बेडवर कुठे पुसट नक्षी दिसली, की "ताजं स्क्रॅपिंग केलंय" (पृष्ठभाग हाताने खरवडून सपाट केलाय) असं सांगतात. आमच्या बेडवर ती नक्षी हँड ग्राइंडरने उमटवलेली होती. खऱ्या स्क्रॅपिंगचे ठिपके उथळ आणि सगळीकडे विखुरलेले असतात, ग्राइंडरचे ओरखडे एका दिशेला आणि खोल असतात. हार्डन बेडचा दावा तपासायला बेडच्या अगदी टोकाला, जिथे काहीच चालत नाही तिथे, बारीक कानस टेकवून एकदा ओढा. हार्डन असेल तर कानस घसरते. आमच्याकडे तिने पहिल्याच ओढीत लोखंड पकडलं.

हेडस्टॉक (चक फिरवणारे गिअर असलेला डबा) गोडाऊनमध्ये अगदी शांत चालला होता. घरी तेल बदलल्यावर गिअर खणखणू लागले. आत जाड गिअर ऑइल भरलेलं होतं, बोटाला चिकटेल असं. जुन्या गिअरचा आवाज दाबायची ही नेहमीची युक्ती. काही जण त्यात लाकडाचा भुसाही घालतात. ड्रेन प्लग सैल करून कपभर तेल काढायला सांगा. विकणारा तयार नसेल तर तेवढ्यावरच काय ते समजा. मग मशीन मधल्या स्पीडला अर्धा तास चालू ठेवा आणि चकमागच्या बेअरिंगवर तळहात ठेवा. हात टेकवून ठेवता येत नसेल इतकं गरम झालं, तर बेअरिंग गेलेली आहेत किंवा झोल लपवायला आवळलेली आहेत. शेवटी डायलची सुई चकवर नाही, तर थेट स्पिंडलच्या (चक ज्यावर बसतो त्या दांड्याच्या) आतल्या निमुळत्या भोकावर लावून हाताने फिरवा, ०.०१ पर्यंत ठीक. चकखाली लाकडी दांडा घालून उचलल्यावर सुई ०.०३ पेक्षा जास्त उडाली, तर तो खर्च तुमच्याच खिशातून जाणार आहे.

मोटरवर दोन एचपीची नवीकोरी पाटी होती. शाफ्ट मोजला तर १९ मिलिमीटर. थ्री फेज, १४४० आरपीएम, दोन एचपीच्या प्रमाणित मोटरला ९० एल फ्रेम (मोटरच्या आकाराचा ठरलेला क्रमांक) आणि २४ मिलिमीटर शाफ्ट असतो; १९ मिलिमीटर हा ८० फ्रेमचा, म्हणजे एक एचपीचा. पाटी बदलता येते, शाफ्ट नाही. घरी सिंगल फेज असेल तर आणखी एक गोष्ट आधीच बघा: २३० व्होल्टवर चालणारा व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज तयार करणारं यंत्र) थ्री फेज देतो तोही २३० व्होल्टचाच, म्हणून मोटर २३० व्होल्टला डेल्टामध्ये (वाइंडिंग जोडायची एक पद्धत) जोडता आली पाहिजे. टर्मिनल बॉक्स उघडून सहा वायर बाहेर आहेत का ते मोजा. तीनच असतील तर वाइंडरकडे जावं लागेल.

रंगाखाली तडे लपवणाऱ्या पुट्टीचं सांगायचं तर नव्या कास्टिंगलाही पातळ पुट्टी असते, तेवढ्याने घाबरू नका. छोटा लोहचुंबक खिशात ठेवा आणि पाय, हेडस्टॉकचा तळ, एप्रन (सॅडलखालचा पुढचा डबा) इथे लावून पाहा. जिथे तो एकदम सैल पडतो तिथला रंग खरवडायला सांगा. आमच्या मागच्या पायात पितळाने भरलेला तडा होता.

चेंज गिअरही (आटे पाडताना बदलायचे सुटे गिअर) मोजून घ्यायचे राहिले. लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) चार टीपीआयचा, म्हणजे इंचाला चार आटे असलेला, आणि १२७ दात्यांचा गिअर संचात नव्हता. त्याशिवाय मेट्रिक आटे अचूक पडत नाहीत. दीड मिलिमीटर पिचला (दोन आट्यांमधल्या अंतराला) ३० आणि १२७ ची जोडी लागते. पाहणीच्या दिवशी तो पेटीत होता, गाडीत चढवताना नाहीसा झाला. फोर जॉ (चार जबड्यांचा) चकही बदललेला आला. प्रत्येक सुट्या भागाचा फोटो काढा, आणि चकच्या मागच्या बाजूला अक्षर पंचने आपली खूण करा.

मिलिंग मशीन बघताना झीज वेगळ्या जागी शोधायची. तिथे टेबलाचा मधला भाग झिजतो. मध्ये गिब ठीक वाटते आणि टोकाकडे टेबल जड होतं, म्हणजे तेच दुखणं. टेपर गिबचा स्क्रू पूर्ण आत गेलेला असेल तर पुढे आवळायला जागाच उरलेली नाही. मागे शिम घातलेली आहे का तेही बघा. टी-स्लॉटच्या (टेबलावरच्या टी आकाराच्या खाचांच्या) कडा बोटाने चाचपा, तडा बहुधा तिथेच असतो. गोल खांबाचं मिल-ड्रिल स्वस्त मिळतं, पण हेड वर-खाली केलं की ते फिरतं आणि सेटिंग जातं; ड्रिल बदलताना दर वेळी हा त्रास आहे. आणि "लेथ कम मिलिंग" म्हणून जे एकत्र विकतात, त्याच्या मिलिंग हेडला स्टीलमध्ये काप घेण्याइतका ताठपणा सहसा नसतो.

बेड ग्राइंड करून घ्यायचा पर्यायही निवडण्याआधी नीट समजून घ्या. बेडमधून ०.२ मिलिमीटर काढले की सॅडल आणि एप्रन तेवढेच खाली येतात, आणि लीड स्क्रूची रेषा, हाफ नट (लीड स्क्रू पकडणारा दुभागलेला नट), टेलस्टॉकची उंची सगळं बिघडतं. सॅडलखाली लायनर (उंची भरून काढणारी पट्टी) चिकटवून पुन्हा स्क्रॅप करावं लागतं. नुसत्या ग्राइंडिंगचा दर ऐकून हो म्हणू नका.

बिल आम्ही घेतलं नाही, कारण "१८ टक्के जीएसटी वेगळा पडेल" असं सांगितलं गेलं. त्या वाचवलेल्या पैशांमुळे आज हातात एकही कागद नाही. व्यापाऱ्याकडून घेताना बिल घ्या, मशीनचा सिरियल नंबर त्यावर चढवा, आणि त्याखाली हे वाक्य त्याच्याच हस्ताक्षरात लिहून सही घ्या: "३० मिमी व्यासाच्या, २०० मिमी लांबीच्या माइल्ड स्टीलवरील तीन कॉलर ग्राहकासमोर मोजल्या, कमाल फरक ०.०४ मिमी, मोटर दोन एचपी, सोबतच्या यादीतील सर्व गिअर व चक दिले." राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवताना बिल मागितलं जातं.