गंगावेशचा दूध कट्टा: दूध एक नंबर, पण जेवणावर पिऊ नका

कोल्हापुरात येऊन गंगावेशला उभ्या उभ्या दूध प्यायलं नाही तर काय केलं मग. म्हशी तिथंच उभ्या असतात, आपल्या डोळ्यांदेखत धार काढतात, फेस वर येतो आणि तसाच ग्लास हातात, पाणी मिसळायचा विषयच नाही. चव लई भारी. ग्लास रिकामा झाला तरी आतून पांढरा थर चिकटलेला दिसतो एवढं घट्ट. चवीला पाचपैकी पाच देतो.

आता पिणाऱ्यांचं बोलतो, कारण ते बघून खरंच काळजी वाटते. रात्री येणारे कितीतरी जण मटण थाळी हाणून आलेले असतात, तांबडा-पांढरा वाट्यावर वाट्या, त्याआधी कुणाचं क्वार्टर आणि खारे शेंगदाणे, आणि वर परत साखर घातलेलं दूध, का तर म्हणे पैलवानाचं गाव आहे. अरे भावा पैलवानाचा खुराक खातोस तर त्याची मेहनत पण कर की! तालमीतली पोरं पहाटे उठून जोर-बैठका मारतात, तांबड्या मातीत घाम गाळतात, त्यांना दूध, तूप, बदामाची थंडाई सगळं पचतं. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं ते कुस्तीसाठी, आपण मात्र खुराक तेवढा उचलला आणि दिवसभर दुकानात नाहीतर ऑफिसात खुर्चीवर. म्हशीच्या दुधात फॅट साधारण 6-7 टक्के, म्हणजे एका मोठ्या ग्लासात अडीचशेच्या आसपास कॅलरी, साखर वेगळी. दारूच्या एका ग्रॅमला 7 कॅलरी, त्या कुणी मोजतच नाही. मिठाचं तर विचारूच नका, जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते आणि आपल्याकडं रस्सा, पापड, लोणचं, चकणा यातच तेवढं जात असेल. पोट सुटतं, बीपी वाढतं, तरी तपासायला जायचं नाही, बायकोनं मागं लागून लागून न्यायचं. आणि दूध संपलं की लगेच सुपारी-तंबाखूचा मावा तोंडात. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पण सुपारी-तंबाखू काय सुटत नाही, तोंडाचा कॅन्सर त्यानं होतो हे सगळ्यांना माहीत असून.

अजून एक, हे दूध कच्चं असतं. कच्च्या दुधातनं ब्रुसेलोसिस, टीबी असले आजार येऊ शकतात, म्हणून लहान पोरं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना तिथं पाजू नका. मी आता किटली घेऊन जातो, घरी आणून उकळतो, ताज्याची मजा थोडी जाते पण चव टिकते.

जायचं तर संध्याकाळी जेवणाआधी जावा, बिनसाखरेचं सांगा, एकच ग्लास घ्या आणि तिथनं रंकाळा तलावापर्यंत चालत जावा, गाडी घरी ठेवून. तसंही गंगावेशला पार्किंगची बोंबच असते.